दोन अर्ध्या टाक्या

आमच्या गाडीत माझी जागा मागे होती, दोन टाक्यांच्या मधे. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी चांगली रुंद सीट होती, पण ती माझी नव्हती. मी एका उलट्या बादलीवर बसायचे, पाठ पत्र्याला टेकवून, एक हात डाव्या टाकीच्या झाकणावर आणि एक उजव्या टाकीच्या. तू काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी सांगायचे, पाणी धरते. लोक हसायचे. पण काम तेच होतं.

धंदा काचा पुसण्याचा. बेलापूरला तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या. एका बाजूला डोंगरातल्या दगडखाणी, दुसऱ्या बाजूला उकरून ठेवलेली माती, आणि मधे नव्या कोऱ्या काचा. सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचं. यांतल्या काही इमारतींचं काम बाबांनी घेतलं होतं. गच्चीवरून दोरांनी झुला सोडायचा, त्यावर बसून बाहेरून काचा धुवायच्या, रबराच्या पट्टीने पाणी ओढायचं, शेवटी कागदाने घासायच्या. अडचण एकच, पाण्याची. इमारतींच्या टाक्या दुपारच्या आत कोरड्या पडत, आणि साहेबांच्या चहाचं पाणी काचेवर ओतू द्यायला कुठलाच रखवालदार तयार नसे. म्हणून पाणी आम्ही बरोबर न्यायचो. सकाळी वाशीला आमच्या घरच्या नळाला जोर असायचा. रबरी नळी लावून जस्ताच्या पत्र्याच्या दोन्ही टाक्या भरायच्या आणि महामार्गाने बेलापूर गाठायचं. एकेक भरलेली टाकी म्हणजे तीन धडधाकट माणसांचं वजन. फरक एवढाच की माणसाला ‘हलू नकोस’ म्हणून सांगता येतं.

पाणी धरायला मी मागे बसून शिकले. गच्च भरलेली टाकी शहाणी असते. वळणावर ती गाडीबरोबर वळते, ब्रेक लागला की गाडीबरोबर थांबते. रिकामी टाकी नुसतीच वाजते. खोडकर असते ती अर्धी. अर्ध्या टाकीतलं पाणी आधी वळणाच्या बाहेरच्या अंगाला धावतं आणि पत्र्यावर आदळतं. तो धक्का पुढे बसलेल्यालाही कळतो. पण मग ते पाणी परत येतं. गाडी सरळ झालेली असते, ड्रायव्हर निर्धास्त झालेला असतो आणि तेवढ्यात हा दुसरा धक्का बसतो, उलट्या बाजूने. तो फक्त मागे बसलेल्याला कळतो. माझ्या दोन्ही हातांना तो रोज संध्याकाळी कळायचा.

संध्याकाळीच का, तर सकाळी टाक्या भरलेल्या असत आणि संध्याकाळी दोन्ही अर्ध्या. त्यामागे बाबांचे दोन नियम होते, आणि आमच्या घरात नियम म्हणजे पत्रकात छापलेल्या ठरावासारखे.

पत्रकं हेच आमच्या घरचं वाङ्मय. बाबा मराठवाड्यातून दुष्काळाच्या साली मुंबईला आले, कारखान्यात लागले, युनियनमध्ये गेले आणि पत्रकं लिहू लागले. कारखाना सुटला, पत्रकं सुटली नाहीत. वस्तीच्या नळासाठी पत्रक, शाळेच्या मास्तरांसाठी पत्रक, हुंड्याच्या विरुद्ध पत्रक. मी अक्षरं पाटीवर गिरवली असतील, पण वाचायला शिकले ती खाटेखालच्या गठ्ठ्यांवर. मला न अडखळता वाचता आलेला पहिला मोठा शब्द ‘धिक्कार’. वाटून उरलेली पत्रकं काचा घासायला जात. कागद पातळ, शाई स्वस्त, पण त्यानेच काच लख्ख निघायची. साहेबाच्या केबिनची काच आम्ही ‘जमीन कसणाऱ्याची’ या पत्रकाने चमकवलेली आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, याचा मला फार आनंद व्हायचा.

तर बाबांचे नियम. पहिला, पाण्याचा थेंब फेकायचा नाही. गावात लहानपणी ते ओंजळ धरून बसत आणि दुसरा कुणी वरून पाणी ओती, त्याच्या सवडीने. असा माणूस गटारात पाणी ओतत नाही. उरलेलं पाणी परतीच्या वाटेवर नेरूळच्या डोंगराखाली खाणकामगारांच्या झोपड्यांना द्यायचं. तिथे नळ नव्हता. बायका हंडे घेऊन रस्त्याशी उभ्या असायच्या. दुसरा नियम, दोन्ही टाक्यांतून सारखंच पाणी काढायचं. एक बादली डावीतून, एक उजवीतून. टाक्या गाडीच्या दोन बाजूंना, चाकांच्या वरच्या फळीवर होत्या. एक भरलेली आणि एक रिकामी झाली तर गाडी कलेल, हे एक कारण. पण खरं कारण बाबा हसत हसत सांगायचे, “एकीने भरलेलं राहायचं आणि दुसरीने खडखडाट व्हायचं, हे आपल्या गाडीत चालणार नाही.” अशी समता आमच्यासारख्याच घरात टाक्यांनाही लागू होते. दिवसाच्या शेवटी दोन अर्ध्या, दोन्ही खोडकर, आणि मधे मी.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तो याच दिवसांत. संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे लागले की ते गाडी बाजूला घेऊन थांबायचे. आता दुसरं कुणीतरी चालवायला हवं, हे सगळ्यांना दिसत होतं. कोण चालवणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. बेलापूरला तेव्हा रुंद रस्ते होते, पण त्यांच्या कडेला घरं नव्हती. खांब होते, पण त्यांवर दिवे नव्हते. त्या मोकळ्या रस्त्यांवर बाबांनीच मला रविवारी गाडी शिकवायला सुरुवात केली होती. मला क्लच जमत होता, गिअर जमत होता, फक्त मागे घेताना अजून मान दुखायची. मी एकोणीस वर्षांची होते. बायकांनी स्वयंपाकघराबाहेर पडावं या पत्रकाची मी स्वतः शुद्ध प्रत काढली होती.

आणि गावाहून आत्याचा मुलगा आला.

तो एका पत्र्याच्या पेटीसह आला आणि दारातच बाबांच्या पाया पडला. आमच्याकडे पाया पडायची पद्धत बाबांनी बंद केली होती. तरी त्यांनी त्याला उठवून मिठी मारली. त्याने गावात ट्रॅक्टर चालवला होता, तालुक्याला जाऊन लायसन काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. मी भाकरीला पीठ मळत होते. हात पिठाचे नसते तर काय केलं असतं कोण जाणे.

“मी आहे ना,” मी म्हटलं.

“त्याच्याकडे लायसन आहे,” बाबा म्हणाले. “तुझंही काढू सावकाश.”

सावकाश! हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. बाबांच्या निम्म्या पत्रकांची सुरुवातच ‘सावकाश म्हणणाऱ्यांनो’ अशी असायची. आता तो त्यांच्याच तोंडातून, माझ्यासाठी निघाला होता.

त्या दिवसापासून मला त्याचं काहीच सहन होईना. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नव्हता, हाच त्याचा मोठा दोष होता. आई त्याला पहिली भाकरी वाढायची, तव्यावरून थेट, आणि तो म्हणायचा, “मामी, अशी भाकर म्या गावात खाल्ली नाही.” आई लाजायची. आम्ही इतकी वर्षं तीच भाकरी खात होतो, आमच्यापैकी कुणी तिला कधी लाजवलं नव्हतं. गाडी तो हळू चालवायचा, आणि बाबा, जे मला शिकवताना ‘अगं दाब ना, बैलगाडी आहे का’ म्हणून ओरडायचे, ते शेजारी बसून त्याला म्हणायचे, “वा, सावकाश चालवतोस ते बरं.” मी मागे, बादलीवर. मधल्या जाळीतून मला फक्त त्याचं डोकं दिसायचं. तेल लावून नीट बसवलेले केस आणि मानेवर एक तीळ. त्या तिळाचा मला जेवढा राग आलेला आहे तेवढा कुठल्या मंत्र्याचाही आलेला नाही.

मग तो माझ्या टाक्यांपर्यंत पोचला. मी टाक्यांचे दोर साध्या गाठीने बांधायचे. त्याने एका सकाळी ते सोडले आणि कडब्याची गाडी बांधतात तसा वेढा घालून, फासात काठी अडकवून दोर पिळला. दोर तारेसारखा ताठ झाला.

“आता हलणार नाही बघ,” तो म्हणाला.

“आधीही हलत नव्हती,” मी म्हटलं.

“हाव का? मग तू कशाला धरून बसतीस, पुढारीनबाई?”

पुढारीनबाई हे नाव त्याने मला ठेवलं होतं. सगळे हसले. करावे गावातला एक गडी आमच्याकडे झुल्यावर काम करायचा. तो तर कमरेवर हात ठेवून हसला आणि म्हणाला, “काय गो पोरी, गारी पन त्याची, टाक्या पन त्याच्या. आता तू तेवरी बाकी हाय.”

मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा म्हटल्यावर लोकांना हेच सुचतं. शेजारच्या काकू तर आईला सरळ म्हणाल्या, “बरं झालं, जावई पण घरचा आणि ड्रायव्हर पण घरचा.” मला लग्नाचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्या गड्याने लावलेल्या क्रमाचा आला. गाडी कुणाची, हे ठरून गेलं होतं. माझं काय, एवढंच ठरायचं होतं.

एकदा मात्र त्याची फजिती झाली. अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळतं हे बाबांनी सांगितल्यावर त्याने दोन्ही टाक्यांत कडुलिंबाच्या डहाळ्या टाकल्या. आमच्या गावाकडे बायका लांबून पाणी आणताना हंड्यात पाला टाकतात, म्हणजे पाणी सांडत नाही, तेच त्याने केलं. पाणी खरंच गप्प झालं. मी दिवसभर तोंड पाडून बसले. पण दोन दिवसांत पाला कुजला, टाकीच्या तोटीत अडकला आणि चौथ्या मजल्यावर झुल्यात बसलेले बाबा रिकामी बादली हातात घेऊन ओरडू लागले. तोटी काढून, तारेने पाला उपसून, हिरवा चिखल त्याच्या पायाशी टाकण्याचं काम मी केलं. एवढ्या आनंदाने मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. तो म्हणाला, “तुझं हसणं लई महाग हाय, आज बघायला मिळालं.” झालं, माझा आनंद गेला.

सगळ्यात जास्त मी जळले ते झोपड्यांपाशी. तिथल्या बायका आजवर मला हाका मारायच्या. ‘आली गं पाण्याची पोरगी’ म्हणायच्या. त्यांच्या हंड्यांत पाणी मी ओतायचे, भांडणं मी सोडवायचे, रेशनकार्डाचे अर्ज मी लिहून द्यायचे. त्याने पहिल्याच दिवशी गाडीतून उतरून त्यांच्यातल्या एका म्हातारीला विचारलं, “कोणतं गाव, मावशी?” त्यांचं गाव त्याच्या गावापासून एका नदीपल्याडचं निघालं. मग काय! कुणाचा बैल, कुणाची विहीर, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. मी हातात बादली घेऊन उभी. माझी भाषा शहरात घासून पुसून गुळगुळीत झालेली. तो बोलला की त्या बायकांच्या तोंडावर गाव उजळायचं. मी बोलले की त्या मान डोलवायच्या. दुसऱ्या दिवसापासून हाक आली, “आला गं आपला भाऊ.”

ती हाक ऐकून आले त्या रात्री मी पत्रक लिहायला घेतलं. दुसरं काही मला येतच नव्हतं. मथळा घातला ‘गाडीच्या किल्लीबाबत जाहीर निवेदन’. खाली लिहिलं की जे पुढारी बाहेर स्त्री-पुरुष समतेच्या गर्जना करतात, त्यांच्या घरात खिळ्यावरची किल्ली कोणाच्या हाती जाते हे जनतेने पाहावं. लिहिलं की लायसन हे कारण नसून निमित्त आहे. लिहिलं की मागे बसणारीला गाडीचं जे कळतं ते पुढच्यांना कळत नाही. तीन परिच्छेद झाले. सकाळी गाडीच्या पुढच्या काचेवर, आतल्या बाजूने, पिठाच्या खळीने चिकटवलं.

बाबांनी ते काळजीपूर्वक सोडवलं, चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचलं. तोही मागून वाचत होता. मी भांडणाच्या तयारीने उभी होते.

“भाषा चांगली आहे,” बाबा म्हणाले. “पण मागणी कुठाय?”

“म्हणजे?”

“पत्रकाच्या शेवटी मागणी लिहितात. इतकं लिहिलंस, तुला हवंय काय ते लिहिलं नाहीस. त्याच्याकडून किल्ली काढून घ्यावी ही मागणी? की तुला मिळावी ही मागणी? दोन्ही एक नाहीत.”

 खरं उत्तर होतं की आधी त्याच्याकडून काढून घ्या, माझं मग बघू. हे कुठल्याही पत्रकात छापण्यासारखं नव्हतं. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि आम्ही कामाला निघालो.

ती संध्याकाळ त्यानंतर थोड्याच दिवसांची. काम लवकर आटोपलं होतं, टाक्या अर्ध्याहून थोड्या जास्तच होत्या. महामार्ग सोडून झोपड्यांकडे जाताना उतार लागतो आणि उताराच्या तोंडालाच वळण. तो नेहमीसारखा हळू होता, हे मला ठामपणे सांगायचं आहे. समोरून खडीचा डंपर आला, रस्त्याच्या मधून. त्याने ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, डंपर निघून गेला. मग गाडी सरळ केली. जे करायला हवं तेच त्याने केलं. पाणी आधी उजव्या अंगाला धावलं. मला माहीत होतं की ते परत येणार. मी ओरडलेही, “थांबा, पाणी!” दोन्ही टाक्यांतलं पाणी एकदमच उलटं आलं. उजवीकडची चाकं जमिनीवरून उचलली गेली, ते मला पोटात कळलं. उजवी टाकी फळीवरून निसटून माझ्या अंगावर आली आणि हातभर अंतरावर, हवेत तिरकी, थांबली. तिच्या वेढ्याचा दोर तारेसारखा ताणलेला होता. झाकण उडालं, सगळं पाणी माझ्यावर आणि माझ्यावरून बाहेर. डाव्या टाकीची तोटी तुटली आणि तिचंही पाणी वाहून जाऊ लागलं. मग चाकं परत आदळली आणि गाडी उभी राहिली.

मी भिजलेली, धडधाकट, बाहेर आले. रस्त्यावरच्या धुळीतून पाणी वाट काढत खाली चाललं होतं. बाबांना बहुतेक ते पाणीच आधी दिसलं, मग मी. आणि मग त्यांचा तोल गेला. मी त्यांना घरच्या माणसावर असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

“डोळे फुटले होते का? पोरगी मागे बसलीय हे कळत नाही? ट्रॅक्टर आहे का हा?”

  त्याने किल्ली काढली आणि बाबांच्या पुढे धरली. बाबांनी ती घेतली, वळले, आणि माझ्यापुढे धरली.

“उद्यापासून तू. लायसनचं बघू काय ते.”

ती क्षणभराची गोष्ट मला फार मोठी आठवते. किल्लीच्या दोऱ्याला लाल मणी होता, तो हलत होता. मी हात पुढे केला आणि किल्ली घेतली. मला ती हवीच होती. जन्मात कुठलीच वस्तू एवढी हवीशी वाटली नव्हती. आणि तिच्याबरोबर जे मिळत होतं तेही मला हवं होतं. तो मान खाली घालून उभा होता, तेलाचे केस विस्कटून कपाळावर आलेले होते, तीळ धुळीने झाकला होता.

पण लहानपणापासून पत्रकं वाचून माणसाचं एक नुकसान होतं. खोटा आरोप ऐकला की जीभ गप्प बसत नाही, मग तो आरोप कुणावरही असो. मला खरोखर वाटलं की आज एक दिवस ती गप्प बसावी. बसली नाही.

“त्याची चूक नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच कडू लागत होता. “तो हळू होता. मी चालवत असते तरी हेच झालं असतं. तुम्ही चालवत असता तरी. चूक पाण्याची आहे, आणि पाणी अर्धं ठेवायचा नियम तुमचा आहे. दोन्हींतून सारखं काढता म्हणून दोन्ही अर्ध्या राहतात. एक पूर्ण भरलेली ठेवा, एक पूर्ण रिकामी करा, म्हणजे पाणी खेळणार नाही.”

“मग गाडी कलेल,” बाबा म्हणाले. अजून रागातच.

“दोन बाजूंना ठेवल्या तर कलेल. एकामागे एक ठेवा, मधोमध, खाली, ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्याला टेकवून. मागची आधी वापरायची. उरलेलं संध्याकाळी पुढचीत भरायचं. फेकायचं काही नाही.” आणि मग, कारण अर्धं खरं मला तेव्हा पुरेना, मी म्हटलं, “आणि त्या दोरानेच माझा पाय वाचला. ती गाठ त्याची आहे.”

बाबांनी रस्त्यावरच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “ही मागणी समजायची का?”

“हो. टाक्या बदलेपर्यंत गाडी पाणी घेऊन हलणार नाही, ही मागणी.”

“आणि किल्ली?”

मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ठेवली म्हणजे, नीट सांगायचं तर, जरा आपटलीच. “मला पाहिजे. पण अशी नको. माझं लायसन काढून द्या, मग त्याच्याकडून घेईन. तोवर त्याची.”

तो किल्लीकडे बघून म्हणाला, “मला वाटलं तू म्हणशील, बरं झालं.”

“मनात म्हटलंय,” मी म्हटलं.

खाली झोपड्यांपाशी बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. डाव्या टाकीत तळाशी थोडं उरलं होतं, ते लेकुरवाळ्यांना दिलं. बाकीच्यांनी आपले रिकामे हंडे कमरेवरून डोक्यावर घेतले आणि एकही शब्द न बोलता गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबा त्या पाठमोऱ्या हंड्यांकडे बघत होते. नियम बदलायला त्यांना माझ्या भाषणापेक्षा ते जास्त उपयोगी पडलं असावं.

टाक्या बदलल्या. वेल्डिंगवाल्याकडून जमिनीच्या पत्र्याला कड्या लावून घेतल्या, टाक्यांखाली जुन्या टायरचं रबर घातलं, झाकणांच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. आत आडव्या-उभ्या फळ्यांची एक चौकट सोडली, म्हणजे पाणी कमी उरलं तरी त्याला पळायला जागा नाही. चौकट माझी. पण कल्पना कडुलिंबाच्या डहाळीवरून सुचली, म्हणजे पुन्हा त्याचीच. दोर त्याने बांधायचे आणि मी तपासायचे असं ठरलं. मी ‘चला’ म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. तो पुढून विचारायचा, “निघू का, पुढारीनबाई?” गाठ पक्की आहे हे मला पहिल्याच नजरेत दिसायचं. तरी मी ती पुन्हा एकदा ओढून बघायचे. त्याला तेवढं थांबावं लागायचं.

पाणी गप्प झालं तसं मागे धरायला काही उरलं नाही. म्हणून मी पुढे आले. बाबा खिडकीशी, तो चाकाशी आणि मी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून आखडून. शेजारच्या काकूंनी त्याचाही वेगळाच अर्थ काढला. काढो बापड्या. मी त्याच्याकडे बघायचे हे खरं आहे. क्लच कधी सोडतो, वळणाआधी किती हळू करतो, आरशात किती वेळा बघतो. त्याची चूक व्हावी म्हणून मी रोज वाट बघत बसायचे, आणि तसं बघता बघताच गाडी चालवायला शिकले. त्याच्या चुका फार झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्या सगळ्या मला अजून पाठ आहेत.